हायरम डकेटची दाढी

हायरम डकेट चौदा वर्षं सिनेमात होता आणि त्या चौदा वर्षांत त्याच्या बायकोला तो पडद्यावर एकदाही दिसला नव्हता. यात लव्हिनाचा काही दोष नव्हता. ती बिचारी दर वेळी डोळे फाडून बघायची. काळोखात हायरम तिच्या कानाशी लागायचा, "आता बघ हां. टेकडीवरून घोडे उतरतील. डावीकडून चौथा मी." घोडे उतरायचे, धुरळा उडायचा, आणि लव्हिना एक, दोन, तीन मोजेपर्यंत पडद्यावर एखादी पोरगी खिडकीशी उभी राहून उसासे टाकत असायची.

"कुठे होतास?"

"गेलो की! बघितलं नाहीस?"

"मला नुसती शेपटं दिसली."

"त्यातल्याच चौथ्या शेपटाच्या पुढे मी होतो."

मागून कुणीतरी त्यांना गप्प बसा म्हणून दटावायचं. सिनेमा मुका, पण बघणाऱ्यांना शांतता लागायची.

हायरमचा जन्म नेब्रास्कातला, मातीच्या ढेकळांनी बांधलेल्या घरातला. बाप गहू पेरायचा आणि टोळ तो खायचे. सोळाव्या वर्षी हायरम घर सोडून गुरांमागे गेला. तेव्हा माळाला कुंपण नव्हतं, आणि घोड्यावर मांड पक्की असली की माणसाचं पोट भरायचं. पुढे एका हिवाळ्यात बर्फाने गुरं उभ्या जागी मेली, बडे मालक बुडाले, आणि जे उरले त्यांनी माळावर काटेरी तारा ओढल्या. घोड्यावर बसण्याखेरीज ज्याला काही येत नाही, त्याच्या तोंडचा घासच त्या तारांनी काढून घेतला. हायरम मग गावोगाव तंबू ठोकणाऱ्या एका घोडेस्वारांच्या खेळात शिरला. एक आठवडा तो टपालगाडीवर हल्ला करायचा, दुसऱ्या आठवड्यात तीच गाडी वाचवायचा. तिथेच कपड्यांना ठिगळं लावणारी लव्हिना त्याला भेटली. आपल्या शर्टाच्या बाह्या वारंवार फाटतात कशा, हे तिच्या लक्षात आलं आहे असं कळल्यावर त्याने लाजून लग्नाचं विचारलं.

एकोणीसशे अकराच्या हिवाळ्यात खेळ कॅलिफोर्नियात समुद्रकाठी बुडाला. मालक पसार झाला आणि माणसं वाळूत बसून राहिली. नेमके त्याच सुमारास सिनेमावाले घोडेस्वार शोधत हिंडत होते. पहिल्या दिवशी हायरमला विचारण्यात आलं, "मरता येतं का?"

"अजून सवय नाही," हायरम म्हणाला.

सवय झाली. सकाळी दरोडेखोर म्हणून मरायचं, दुपारी शेरीफच्या टोळीत घुसून त्याच दरोडेखोराला हुडकायचं. मरताना कॅमेऱ्याच्या बाजूला पडायचं, नाहीतर मेलेलं कुणाला दिसत नाही. काम मिळायचं लॉस एंजेलिसमध्ये, सनसेट आणि गॉवर रस्त्यांच्या कोपऱ्यावर. तिथे सकाळपासून बूट घालून, टोप्या मागे सारून आमचे लोक उभे असायचे. गाडी यायची, कुणीतरी बोट करायचं, "तू, तू आणि तो उंच." ज्याच्याकडे बोट झालं नाही तो तंबाखू चघळत दुसऱ्या गाडीची वाट बघायचा. हायरमच्या शेजारी बहुतेक कॅस वुली असायचा. तो टेक्सासचा, हायरमच्याच उंचीचा, तसाच वाळका. दाढी घोटून केलेली आणि जीभ अशी की गाढवालाही लाज वाटावी.

सतराव्या सालात हायरम कायमचा घोड्यावरून उतरला. खड्डा खणून, त्यावर फांद्या टाकून घोडा त्यात पाडायची तेव्हा रीत होती. स्वाराने ऐन वेळी उडी मारायची. हायरमची उडी चुकली आणि घोडा त्याच्या कमरेवर आला. तीन महिने तो खाटेवर उताणा होता. लव्हिना भरवायची, पुसायची, पण वस्तरा धरायला तिचा हात धजत नसे. चौथ्या महिन्यात काठी टेकत, एक पाय ओढत तो कोपऱ्यावर आला तेव्हा छातीपर्यंत दाढी होती, मधोमध काळी आणि दोन्ही बाजूंनी पांढरी.

"अरे बापरे! बायबलातला मोझेस डोंगरावरून उतरला की काय?" कॅस ओरडला.

हायरम आला होता तो फक्त दोस्तांना भेटायला. लंगड्याला कोण घेणार? तेवढ्यात गाडी आली, आतल्या माणसाने सगळ्या धडधाकट गड्यांवरून नजर फिरवली आणि बोट हायरमवर टेकवलं. "तू, दाढी! चढ."

दैव कधी कुठल्या दारातून येईल याचा नेम नाही. हायरमचं आलं ते हनुवटीतून. आमच्या सिनेमात खाणीत सोनं शोधणारे म्हातारे लागत, पाद्री लागत, गाड्यांचे तांडे घेऊन निघालेले बाप-आजे लागत. डिंकाने चिकटवलेली दाढी उन्हात सुटायची, पडद्यावर तिची कड दिसायची. म्हणून खऱ्या दाढीला मान होता आणि पैसेही जास्त. कोपऱ्यावर दाढीवाल्यांचं बाकडं वेगळं. स्वार त्यांना बोकड म्हणायचे आणि मनातून जळायचे. बोकडांचे कायदे कडक होते. बोकडापाशी कुणी काडी ओढायची नाही. सिनेमा सुरू झाला की दाढीला कात्री नाही, शेवटचा शॉट होऊन दिग्दर्शकाने "दाढी सुटली" म्हणेपर्यंत. कारण गोष्ट पडद्यावर सरळ दिसते, पण काढतात उलटीसुलटी. मरण सोमवारी, लग्न शुक्रवारी, आणि दाढी दोन्हीकडे बोटभरही कमीजास्त चालत नाही. मदतनीस रोज सकाळी हातात फोटो घेऊन दाढ्या ताडून बघायचा.

हायरमने दाढीला लेकरासारखं जपलं. लव्हिना ती अंड्याच्या बलकाने धुवायची, झोपताना वेणी घालून पिठाच्या पिशवीच्या कापडात बांधून ठेवायची. आठ वर्षं त्या दाढीच्या जिवावर घर चाललं. पण दाढीवाले असत ते गर्दीत. मागच्या रांगेत, गाडीच्या आडोशाला, चर्चच्या दाराशी. लव्हिनाला शेपटांऐवजी आता टोप्या दिसायला लागल्या, एवढाच काय तो फरक.

पंचविसाव्या सालच्या ऑगस्टमध्ये लाथम नावाचा दिग्दर्शक स्वतः कोपऱ्यावर आला. बाकड्यासमोर उभा राहून त्याने बोकडांना उन्हाकडे तोंड करायला लावलं. मग हायरमला म्हणाला, "तू तांड्याचा म्हातारा. नाव इझेकिएल. शेवटी पोराला पुरतोस. कॅमेरा इतका जवळ येईल की पापण्या मोजता येतील. पूर्ण एक मिनिट, फक्त तुझा चेहरा."

"शेजारी कोण?"

"कुणी नाही म्हटलं ना."

"आणि नाव, साहेब?"

"पाटीवर येईल. नाव काय तुझं?"

हायरम ट्रामची वाट न बघता घरी चालत आला, तोही त्या कमरेने. लव्हिना बटाटे सोलत होती.

"एकटाच?" तिने विचारलं. "आजूबाजूला घोडे नाहीत?"

"एक शेपूटसुद्धा नाही. या भिंतीएवढा चेहरा."

लव्हिनाने सुरी खाली ठेवली, एप्रन तोंडाला लावला आणि रडली. मग उठून वाणी, पाद्री, समोरच्या घरातली बाई, तिची मोलकरीण, सगळ्यांना सांगून आली. बटाटे तसेच पाण्यात राहिले. हायरमने आयुष्यात आजवर काही मागितलं नव्हतं. आता त्याला एकच हवं होतं, की तो मोठा चेहरा यावा आणि लव्हिनाला तो दिसावा.

तांड्याचं काम लोन पाइनच्या खडकांत होतं, घरापासून दिवसभराच्या वाटेवर. छावणीत तीन आठवडे बीन्स, करपलेली बिस्किटं आणि धुळीची कॉफी. कॅसही होता, गाडी हाकायला. हायरमचा क्लोजअप सगळ्यांत शेवटी ठेवला होता.

पाचव्या दिवशी त्याची खालची डावी दाढ ठणकू लागली. त्याने लवंगेचं तेल लावलं. आठव्या दिवशी तो उजव्या बाजूने चावायला लागला. दहाव्या दिवशी कॅसने त्याच्या ताटलीकडे बघितलं.

"बीन्स गिळतोयस. चावत नाहीस."

"बीन्समध्ये चावण्यासारखं काय असतं?"

"गावात जा आणि दात उपटून ये. अर्ध्या दिवसाचं काम."

"अर्धा दिवस नसलो तर लाथम दुसरा बोकड आणेल. बाकड्यावर सहा जण टपलेत."

"अरे, तुझी दाढी त्याच्या फोटोत आहे. कोण आणतोय दुसरा?"

"तू गाडी हाक," हायरम म्हणाला.

त्या दिवशी तो गेला असता तर दात निघाला असता आणि दाढीचा एक केसही हलला नसता. हे मी आज सांगतोय, पण त्याला तेव्हा कोण सांगणार? चौदा वर्षं बोटाच्या इशाऱ्यावर जगलेला माणूस. आपल्याशिवाय कुणाचं अडेल, हे त्याच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. बाराव्या दिवशी जबड्याखाली अंड्याएवढी गाठ आली. कुणाला दिसली नाही, कारण दाढी होती ना! मदतनीस सकाळी फोटो धरून यायचा, बघायचा, "छान" म्हणायचा आणि पुढच्याकडे जायचा.

क्लोजअप गुरुवारी ठरला होता. बुधवारी गुहेतल्या कामात हिरोचे डोळे दिव्यांनी भाजले. ते दिवे भयंकर, आत वीज कडकडून जळते. आमच्यातल्या कितीकांचे डोळे त्यांनी सुजायचे, आणि मग लोक किसलेला बटाटा डोळ्यांवर बांधून कामाला उभे राहायचे. पण हे हिरोचे डोळे. लॉस एंजेलिसहून मोटारीने डॉक्टर आला. पोराला पुरताना हिरो मागे उभा असायला हवा, म्हणून सगळं काम चार दिवस थांबलं. सत्तर माणसं, चाळीस बैल आणि हायरमचा जबडा.

डॉक्टर दोन दिवस छावणीत होता. कॅस म्हणाला, "आयता आलाय, दाखव त्याला." हायरम गाडीच्या ताडपत्रीखाली जाऊन पडला आणि डॉक्टर परत जाईपर्यंत बाहेर आला नाही. डॉक्टर मोठ्याने बोलतात, आणि लाथमचा तंबू चार पावलांवर होता. अंगात ताप होता, तोंड आता बोटभरच उघडत होतं. तो कॉफी दातांच्या फटीतून ओढायचा आणि मनात दिवस ढकलायचा. आणखी दोन. आणखी एक.

सोमवारी सकाळी हिरो हिरवा चष्मा लावून बाहेर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवता हायरम शेकोटीशेजारी कोसळला.

कॅसने त्याला ट्रकमध्ये घालून खाली गावातल्या लहानशा इस्पितळात नेलं. तिथला डॉक्टर कमी बोलणारा माणूस. त्याने दाढीत बोटं घातली, हायरम ओरडला, आणि डॉक्टर नर्सला म्हणाला, "कानापासून हनुवटीपर्यंत पू आहे. बाहेरून कापावं लागेल. ही भादरा आधी."

हायरमने दोन्ही मुठींत दाढी धरली. "उद्या," तो दातांतून म्हणाला.

"उद्या तू नसशील."

"एक शॉट आहे. एकच. मिनिटभराचा. मग काय हवं ते कापा. मुंडकं कापा."

"मला गळ्याची काळजी आहे. सूज खाली उतरली तर श्वास बंद. हात काढ."

"डॉक्टर, पाया पडतो. माझी बायको..." पुढचं त्याला बोलता येईना. नर्सने एक हात सोडवला तर त्याने दुसऱ्याने घट्ट धरली. कॅस दारात उभा होता आणि टोपी चुरगळत होता.

तेवढ्यात लाथमच्या मोटारीतून कास्ट आला. कास्ट म्हणजे कंपनीचा केशभूषाकार, जाड चष्म्याचा जर्मन म्हातारा. सगळे दाढीवाले त्याच्याकडे तुच्छतेने बघायचे, कारण तो खोट्या दाढ्या करायचा. तो खाटेच्या कडेवर बसला.

"डकेट, ऐक. ही मी वस्तऱ्याने काढू देणार नाही. मी स्वतः कातरतो, बट-बट करून. प्रत्येक बट मुळाशी बांधतो, कागदावर टोचतो, डावा गाल, उजवा गाल, हनुवटी, सगळं लिहून. मग जाळीवर एकेक केस गाठवतो. जिथला तिथे. तीन दिवसांत तुझी दाढी तुझ्या तोंडावर."

"शप्पथ?"

"माझ्या आईची."

"लाथम थांबेल?"

"हिरोसाठी चार दिवस थांबला ना? तुझ्यासाठी तीन थांबेल. मी सांगतो त्याला."

हायरमने मुठी सोडल्या. कास्टने तासभर लावला. डॉक्टर दोनदा आत येऊन घड्याळ दाखवून गेला. कागदावर बटा ओळीने बसत गेल्या, पांढऱ्या, मग काळ्या, मग पुन्हा पांढऱ्या. शेवटी नर्सने उरलेले खुंट वस्तऱ्याने काढले. हायरमने चाचपून बघितलं. आठ वर्षांनी हात हनुवटीला लागला, आणि ती कुणा दुसऱ्याची वाटली.

मग भूल द्यायच्या इथरचा वास आला. शुद्धीवर आला तेव्हा जबड्याच्या हाडाचा डावा तुकडा गेला होता, जखमेत रबराची नळी होती आणि डाव्या बाजूला डोक्यापासून गळ्यापर्यंत पट्ट्या होत्या. बोलायचं नाही म्हणून नर्सने पाटी-पेन्सिल दिली. त्याने पहिलं लिहिलं, "तीन दिवस?" ती हसली आणि पाटी पुसली. तिला वाटलं, घरी कधी जायचं ते विचारतोय.

कास्टने आपला शब्द पाळला. गावातल्या खाणावळीच्या खिडकीत बसून दोन दिवस तो बारीक आकड्याने दोन-दोन केस जाळीत ओवत होता. डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत बसला. बुधवारी सकाळी दाढी तयार झाली. कॅसने ती पाहिली आणि नंतर तो म्हणाला की हात लावायला भीती वाटली, आता बोलेल की काय अशी.

दुपारी कॅस इस्पितळात आला. बसला नाही.

"हायरम, नळी अजून आहे का?"

हायरमने पट्टीकडे बोट केलं.

"डॉक्टरला विचारलं. म्हणतो दोन आठवडे डिंक तर सोडच, पाणीसुद्धा लावायचं नाही. लाथम थांबत नाही. उद्या सकाळी शॉट घेणार. तो म्हणतो, दाढी आहे, कपडे आहेत, त्याच उंचीचा माणूस आहे."

हायरमने कॅसला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तो माणूस मी. मला सांगितलंय. कास्ट लाथमशी भांडला, टेबलावर मूठ आपटली, पण त्याचं कोण ऐकतं? मी नाही म्हणालो तर दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लावतील. पण तू म्हण. तू नाही म्हणालास तर मी आत्ता जाऊन नाही म्हणतो, आणि पुन्हा त्या कोपऱ्यावर मला कुणी उभं केलं नाही तरी चालेल. आईशप्पथ."

हायरमने पाटी घेतली. आधी एक शिवी लिहिली, ठळक. कॅसने ती वाचली आणि मान हलवली, जशी काही बरोबरच होती. हायरमने बाहीने पुसलं आणि मग बराच वेळ लिहीत राहिला. पेन्सिल मोडली, तिच्या तुकड्याने लिहिलं.

"रडू नको. रडतात सगळेच. टोपी लगेच काढू नको. माती टाकून झाली की हात मोकळे होतात, त्यांचं काय करायचं ते कळत नाही असं कर. मग आठवल्यासारखी टोपी काढ. पुन्हा घाल. कारण ऊन आहे आणि पुढे चालायचंय."

तीन आठवडे रोज रात्री ताडपत्रीखाली पडून त्याने हे मनात जुळवलं होतं. कॅसने दोनदा वाचलं. मग हायरमने पाटी परत घेतली आणि खाली एक ओळ घातली. "लव्हिनाला सांगू नको."

लव्हिना शुक्रवारी पोचली. तार मिळाली तेव्हा हातात पैसे नव्हते, ते उभे करण्यात दोन दिवस गेले. दारातून तिने खाटेकडे बघितलं, मग शेजारच्या खाटेकडे, मग पुन्हा इकडे.

"अरे देवा," ती म्हणाली, "हा पोरगा कोण?" आणि हसायचा प्रयत्न करता करता तिचं तोंड वाकडं झालं. ती जवळ बसली, उरलेल्या उजव्या गालावर हात फिरवला. "मेल्या, दुखत होतं तर सांगायचं नाही? एवढ्यासाठी जीव घालवत होतास?" मग जरा वेळाने, घाबरत, जणू विचारणं पाप आहे अशा आवाजात म्हणाली, "तो मोठा चेहरा... तो काढून झाला होता ना रे?"

समोरच्या भिंतीवर माशी चालत होती. हायरमने त्या माशीकडे बघितलं. मग मान हलवली, हो.

"चला," लव्हिना म्हणाली, "मग दाढी काय, पुन्हा येईल."

दाढी पुन्हा आली, पण उजवीकडेच. डावीकडे जखमेच्या वणावर केस उगवला नाही. अर्ध्या दाढीला आमच्या धंद्यात भूमिका नाही. बाकड्यावरच्यांनी पहिले काही दिवस सरकून जागा दिली, मग त्याने स्वतःच जाणं सोडलं. एका तबेल्यात झाडलोटीचं काम धरलं. बोलणं बोबडं झालं होतं, लोक दोनदा विचारायचे, म्हणून तो बोलायचाच कमी. कॅस काही रविवार आला. येताना लव्हिनासाठी काहीतरी आणायचा आणि हायरमच्या नजरेला नजर द्यायचा नाही. मग तोही यायचा थांबला. सुटकेचा निःश्वास दोघांनीही टाकला असावा.

सिनेमा वसंतात लागला. लव्हिनाने टोपीला नवी फीत लावली. दुसऱ्या रांगेत बसली, म्हणजे मधे कुणाचं डोकं नको. अंधार झाला, पियानो सुरू झाला, पाट्या आल्या. "इझेकिएल – हायरम डकेट." लव्हिनाने ते मोठ्याने वाचलं. कुणी दटावलं नाही, कारण बरेच जण पाट्या मोठ्यानेच वाचत होते.

तांडा निघाला. बैल धूळ उडवत आले आणि पहिल्या गाडीशेजारी काठी टेकत, एक पाय ओढत हायरम चालत होता. हा खरा हायरम, पहिल्या आठवड्यातला, दात दुखायच्या आधीचा. त्याला राहवलं नाही. तो तिच्या कानाशी लागला. "ते बघ, बैलांपाशी. तो मी."

"गप रे," लव्हिना कुजबुजली. "बैल काय बघायचे? तो मोठा येऊ दे." तिने रुमाल मुठीत तयार ठेवला होता. दृश्य गेलं. नदीच्या काठी तो पुन्हा दिसला, त्या वेळी ती चष्म्याची काच पुसत होती.

आणि मग कबर आली. फावडं थांबलं. कॅमेरा जवळ गेला, आणखी जवळ, आणि भिंतीएवढी दाढी पडद्यावर उभी राहिली. केस न् केस जिथला तिथे, मधोमध काळी आणि दोन्ही बाजूंनी पांढरी. वारा आला तशी ती हलली. टोपीच्या सावलीत कॅसचे डोळे होते. हात रिकामे झाले आणि त्यांचं काय करावं ते त्याला कळेना. मग आठवल्यासारखी त्याने टोपी काढली. पुन्हा घातली. कॅसने चोख केलं. कुठेही उणं नव्हतं, आणि हायरमला ते इथरशिवाय बघावं लागलं.

लव्हिना उभी राहिली. "हायरम!" ती ओरडली. "दिसलास! अरे, दिसलास मला!"

मागचे हसले. "बाई, खाली बसा!" ती त्यांच्याकडे वळली. रडत होती आणि अभिमानाने नुसती फुलली होती. "माझा नवरा आहे तो! हा इथे बसलाय, बघा!" दहा-बारा डोकी वाकून बघायला लागली. त्यांना तुळतुळीत दाढी केलेला, वाकड्या जबड्याचा एक म्हातारा दिसला. कुणीतरी म्हणालं, "हो का? मग मी राष्ट्राध्यक्ष." पुन्हा हशा झाला. हायरमने तिला हाताला धरून खाली बसवलं. ती त्याचा हात सोडेना, आणि उरलेला सिनेमा तिने डोळे पुसण्यातच घालवला.

बाहेर दुपारचं ऊन होतं. ट्रामच्या थांब्यावरच्या बाकावर दोघं बसले. लव्हिना रुमालाची घडी करत म्हणाली, "तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"हं."

"इतकी वर्षं... मला वाटायचं तू थापा मारतोस. म्हणजे सिनेमात असशील कुठेतरी, झाडलोट करत, घोडे धरत. आणि घरी येऊन मला सांगतोस डावीकडून चौथा. मी कधी बोलले नाही. तुझं मन मोडेल म्हणून. पण दर वेळी बघायचे आणि मनात म्हणायचे, नाही, हा नाहीये यात." तिने त्याच्या डाव्या गालावर, वणावर, हात ठेवला. "आज बघितलं. माफ कर मला, हायरम. तू एकदाही खोटं बोलला नाहीस."

हायरमचं तोंड उघडलं. जबडा पूर्वीसारखा हलत नसे, पण शब्द येत होते, सगळे येत होते. बैलांपाशी चालणारा तो मी. काठावरचा तो मी. तिच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर त्याने ते गिळले. ते गिळताना त्याला जे वाटलं ते मरणापेक्षा वाईट होतं, आणि मरणं त्याला चांगलं माहीत होतं.

"उद्या पुन्हा येऊ या," लव्हिना म्हणाली. "मला तो चेहरा नीट बघायचाय. आज रडण्यात गेला."

ट्राम येत होती. हायरम काठी टेकून उठला.

"येऊ," तो म्हणाला.